पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं, तर माझे पाय आधी आले. पिंपळगाव रेणुकाईत कुणाच्या कमरेत उसण भरली की माझी लाथ औषध म्हणून चालते. आणि आभाळ गडगडलं की तीच मी नकोशी होते, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. ही सोयीची भक्ती मला कधीच पटली नाही.

परवा दुपारी मिरची तोडताना आभाळ भरून आलं. आम्ही सहा जणी धावत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो. पहिला गडगडाट झाला तशी माझी चुलत सासू, बेबीनंदाकाकू, माझ्याकडं वळली.

"मोनाली, तू त्या लिंबाखाली जाऊन उभी राह्य. तुझ्यापायी आम्ही कशाला मरायचं?"

तो कडुलिंब म्हणजे शिवारातलं सगळ्यात उंच झाड. वीज पडायची तर आधी तिथंच. माझं डोकंच फिरलं.

"मी न्हाई जाणार," मी म्हणाले. "वीज कुणाचा जन्म विचारून पडत न्हाई, काकू. अन् आवाजाला काय भेता? वीज जाते तिथली हवा एका क्षणात भयंकर तापते, फुगते, भोवतालच्या हवेला धडक देते. तोच हा गडगडाट. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. तीन सेकंदाला एक किलोमीटर. मोजा."

लख्ख झालं. मी मोठ्यानं मोजलं. सहाला गडगडलं. पुढच्या वेळी तीनलाच.

"जवळ येऊन राह्यली. हिच्याचसाठी," काकू म्हणाली आणि माझा दंड धरून दाराकडं ओढू लागली. माझं शहाणपण माझ्याच अंगलट आलं होतं.

माझ्या सासूबाई, उषाबाई, कोपऱ्यात बसल्या होत्या. भावकीपुढं त्यांनी कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. त्या उठल्या. आता याही ओढणार, असं वाटून मला रडू फुटलं, तेही रागानं.

त्यांनी काकूचा हात सोडवला आणि दारातच बसकण मारली.

"मंग मला बी काढा. मी बी पायाळूच हाय. लग्नात बापानं लपवलं, मी गप बसले. चाळीस वर्षं हरेक पावसात तुमच्याच अंगाला अंग लावून बसले. सांग बेबीनंदा, किती जणींवर पडली?"

काकू दारापासून मागं सरकली. बाहेर पुन्हा कडाडलं, पत्रे थरथरले. सासूबाईंनी मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"ज्याला भेव वाटतंय त्यानं जावं लिंबाखाली," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी हितंच बसणार."