ज्यांच्या नावे खोली आहे

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हो, ती वेगळी! वणीतल्या एका लॉजच्या काउंटरमागं टांगलेली, निळ्या पत्र्याची, नियमांची पाटी. आत येणाऱ्या माणसाची नजर माझ्यावर पडते आणि लगेच दुसरीकडे वळते. नियम वाचायला कोणाला आवडतं? पण अडचण आली की सगळे मान वर करून माझ्याकडेच बघतात.

माझा जन्म दारव्ह्याच्या एका पेंटरच्या ओट्यावर झाला. त्याचं अक्षर असं, की बाजाराच्या दिवशी लोक थांबून बघायचे. त्यानं पत्रा घासला, दोन हात रंग दिला, दोरीनं रेघा पाडल्या आणि तीन नियम लिहिले. ओळखपत्र दाखवावे. खोलीत स्वयंपाक करू नये. भिंतीवर थुंकू नये. किती सोपे! लॉजचे मॅनेजर सदाशिवराव यांनी मला टांगलं तेव्हा हार घातला होता. दर शनिवारी ते मला ओल्या फडक्यानं पुसायचे. कोळशाच्या ट्रकांमुळे सगळीकडे काळी धूळ, आणि त्यात मी अशी लखलखीत! "वा, काय अक्षर हाय!" असं गिऱ्हाइकं म्हणायची. मला बाई फार बरं वाटायचं.

चौथा नियम मागाहून आला आणि माझं सुख संपलं. झालं असं, की लग्नाला आलेल्या दोन भावांनी मिळून एक खोली घेतली होती. एकानं फोन करून मुक्काम वाढवला. दुसऱ्यानं फोन करून तो मोडला. सदाशिवरावांनी खोली तिसऱ्यालाच दिली. संध्याकाळी पहिला भाऊ सामान घेऊन दारात हजर! असं भांडण पेटलं की काउंटरची काच फुटली आणि मालकांनी सदाशिवरावांना चारचौघांत नाही नाही ते ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ब्रश हातात धरला आणि माझ्यावर लिहिलं: "मुक्काम वाढवणे, कमी करणे वा बदलणे असल्यास ज्यांच्या नावे खोली आहे त्यांनीच आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत समक्ष येऊन सांगावे. फोनवर चालणार नाही."

अक्षर तिरपं आलं. पण सदाशिवरावांना ते वाक्य रामरक्षेसारखं पाठ झालं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

पुढं समोर लहान मुलांचा दवाखाना झाला. मग लॉजवर लग्नाच्या वऱ्हाडापेक्षा काळजीनं सुकलेली माणसं जास्त येऊ लागली. माझ्याकडे मात्र कोणाचं लक्ष राहिलं नाही. शनिवारचं पुसणं बंद झालं, माझ्या खिळ्याला कोणी कॅलेंडर अडकवलं आणि पहिले तीन नियम त्याखाली गेले. चौथा तेवढा उघडा राहिला. नेमका तोच!

गेल्या थंडीतली गोष्ट सांगते. दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची सुखीबाई खोली घ्यायला आली. तिची सून बबिता समोरच्या दवाखान्यात दीड महिना आधीच बाळंत झाली होती. मुलगी जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली. बबिताला सुट्टी मिळाली होती, पण दर दोन तासांनी तिनं येऊन दूध काढून द्यायचं होतं. म्हणून खोली अगदी समोरच हवी होती. बबिताचा नवरा बादल सुट्टी संपल्यामुळे पुण्याला कामावर परतला होता. सगळा भार सुखीबाईवर.

"खोली कोनाच्या नावानं लेहू?" सदाशिवरावांनी विचारलं.

नवऱ्याचं नाव सुखीबाई घेत नसे. तशी त्यांच्यात रीतच. आणि स्वतःचं? बाईच्या नावानं कधी काही असतं का, असा तिचा समज. तांड्यावर लग्न असो की तंटा, सगळं नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, नावानं चालतं.

"आमच्या नायकाचं लेहा," ती म्हणाली. "देवीलाल."

नायक मागून येतील असं समजून सदाशिवरावांनी लिहिलं, देवीलाल. खाली सुखीबाईचा अंगठा घेतला, तिच्या आधारकार्डाची प्रत टाचली, तीन दिवसांसाठी खोली दिली. मी वरून बघत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण पाटीला कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सुखीबाई लगबगीनं आली. "भाऊ, डॉक्टरीणबाई म्हंते अजून आठ दिवस पोरगी पेटीतच राहीन. खोली वाढवून द्या."

सदाशिवरावांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, खोली तर देवीलालच्या नावानं हाय. त्यायले आना."

"ते तांड्यावर हायेत नं! इतक्या लांबून कसे येतीन?"

"मंग मी काय करू? नियम पाहा." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मेले मी! राजूरच्या एका लग्नघरानं दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांसाठी खोल्या मागितल्या होत्या. बाकीच्या आधीच भरलेल्या, ही एकच उरत होती, आणि बारा वाजता त्यांना नक्की सांगायचं होतं. घड्याळात साडेनऊ झाले होते. दुसरं लॉज बसस्टँडच्या पलीकडे. ओले टाके घेऊन बबिता दिवसातून दहा-बारा वेळा तिकडून कशी येणार होती? आणि ती आली नाही तर त्या चिमुकलीच्या पोटात काय जाणार होतं?

सुखीबाईनं तांड्यावर फोन लावला आणि तो सदाशिवरावांच्या हातात दिला. पलीकडून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. "रामराम साहेब. मी देवीलाल नायक बोलून राह्यलो. खोली वाढवून द्या."

"रामराम बाप्पा. पन फोनवर नाई चालत. कोन बोलून राह्यलं हे मले कसं समजन?"

"मंग मी येतो," नायक म्हणाले, आणि फोन बंद झाला.

येतो म्हणे! तांड्यावरून दारव्ह्यापर्यंत जीप, तिथून यवतमाळ, मग वणीची बस. बारा कसले, चार वाजले तरी नशीब. मित्रांनो, त्या दोन तासांत मला वाटलं की खिळा सुटावा आणि आपण खाली पडून मोडावं. निदान नियम तरी दिसणार नाही. पण दारव्ह्याच्या पेंटरनं भोकं अशी पक्की पाडली होती की काय सांगू!

साडेअकराला बबिता दवाखान्यातून परतली. एक हात पोटावर, एक हात भिंतीला. सासूचा चेहरा बघून ती दारातच थबकली. "याडी, काय झालं?" सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई.

सुखीबाईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. बबिता दहावी शिकलेली. तिनं चौथा नियम सावकाश, एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं वाचला. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वाचून ती सदाशिवरावांना म्हणाली, "काका, नाव नायकाचं हाय. पन अंगठा कोनाचा हाय?"

सदाशिवराव चपापले. त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर जवळ ओढलं. टाचलेली आधारकार्डाची प्रत वर केली. घड्याळाकडे पाहिलं. बाराला बारा मिनिटं कमी होती. त्यांना ती फुटलेली काच आठवत असणार, मालकांचे शब्दही.

"बाई," ते म्हणाले, "खरं सांगा. खोली घेतली कोनं?"

सुखीबाईनं हातातलं पदराचं टोक सोडलं. मग तिनं मान वर केली. "म्या घेतली. पोरीसाठी घेतली. लेहा, सुखीबाई. माह्या नावानं लेहा!"

तिचा आवाज इतका मोठा आला की ती स्वतःच दचकली. सदाशिवरावांनी देवीलालच्या नावावर रेघ मारली, शेजारी सुखीबाई लिहिलं, पुन्हा अंगठा घेतला आणि आठ दिवस वाढवले. मग राजूरला फोन करून खोली नसल्याचं सांगितलं. तिकडून बराच आरडाओरडा झाला. ते ऐकत राहिले. मालक विचारतील तेव्हा मी पाहून घेईन, असं फोन ठेवताना पुटपुटले.

साडेचारला देवीलाल नायक पोचले. धोतरावर धूळ, हातात काठी, दम लागलेला. सुखीबाई शरमेनं अर्धी झाली. सदाशिवरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला, माफीही मागितली. सगळं ऐकून नायक हसले. "सुखी, तुह्या नावानं झालं नं? मंग बेस झालं. उगाच धास्तीनं पळत आलो मी." काचेतून मुलगी पाहून ते संध्याकाळच्या बसनं परत गेले.

त्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी सुखीबाई एकटीच काउंटरपाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाऊ, मुक्काम कमी करा."

सदाशिवरावांचं पेन हवेतच राहिलं. मित्रांनो, दवाखान्यासमोरच्या लॉजवर मुक्काम दोनच कारणांनी कमी होतो. त्यातलं एक कारण मी इतक्यांदा ऐकलंय की ते शब्द कानी पडले की माझा पत्रा गार पडतो. सदाशिवरावांनाही ते ठाऊक. त्यांनी काही विचारलंच नाही. मान खाली घालून ते रजिस्टरचं पान उलटू लागले.

"असे काहून गप झाले?" सुखीबाई म्हणाली. "पोरगी पावनेदोन किलोची झाली! पेटीतून काढली तिले. उद्या घरी जाऊन राह्यलो आमी. रातभर झोप नाई आली खुशीनं."

सदाशिवराव मटकन खुर्चीत बसले. "अहो बाई, आधी हे सांगायचं नं!" म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा पाट्यांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आमचे नियम वाचा, पाळाही, कारण ते कोणाच्या तरी ठेचेतून आलेले असतात. पण वाचून झालं की समोरच्या माणसाला विचारा, काय झालं? मला ते कधीच विचारता आलं नाही. तुम्हाला येतं. तेवढं विचारत जा.