सावली रेघेला टेकली की

तळ्याकडे चढणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी लाकडी चौकी होती आणि तिच्या खिडकीत वहिनी बसायची. येईल त्याला काठी द्यायची, वाटा समजावायची: ही सोपी, ही दमछाक करणारी, इथे निसरडं. शेवटी दरडावणं ठरलेलं. "वर उभा दगड आहे. त्याची सावली तांबड्या रेघेला टेकली की माघारी फिरायचं. मग धुकं उतरतं, स्वतःचा हात दिसत नाही."

तळं न गाठताच दगडापासून माघारी फिरलेली माणसं संध्याकाळी काठी ठेवायची, खिडकीशी क्षणभर गप्प उभी राहायची आणि निघून जायची. आपल्यावर रागावलीत, असं वहिनी समजायची.

तळं तिने स्वतः पाहिलं होतं ते भिंतीवरच्या नकाशात, निळा टिपका. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता गुडघाच रुसला. आता ऑपरेशन ठरलेलं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, त्यानंतर चढण विसरा.

म्हणून आज नणंदेने तिला ओढून बाहेर काढलं. नणंद वाटाडी. तुरुतुरु चालायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

"वहिनी, गोगलगाय पुढे गेली गं!"

"जाऊ दे. तिला कुठे गुडघे आहेत?"

हसत, धापा टाकत दोघी चढल्या. झाडं मागे राहिली, गवत संपलं, नुसते खडक उरले. उभा दगड आला. वहिनीने आधी सावली पाहिली. रेघेच्या पुढे, बोटभर.

"बोटभर तर आहे," चिमणी म्हणाली. "समोरची डोंगराची धार ओलांडली की तळं. कोण बघतंय?"

वहिनीचे डोळे भरून आले. पण ती दगडाला टेकून खाली बसली. "बोटभर उशीर मी कुणाला माफ नाही केला, चिमणे. स्वतःला कसा करू?"

चिमणी फुरंगटून पाठ फिरवून बसली.

तेवढ्यात ढगाआड गेलेलं ऊन पुन्हा सुटलं. धारेपलीकडे एक कडा पुढे झुकला होता, पोटाखाली काळोख धरून. त्या काळोखात उजेड चढला. खालून कुणी सोन्याचं जाळं भिरकावावं तसा. फाटला, पुन्हा विणला गेला. वारा आला तसा अख्खा डोंगर थरथरला, वारा थांबला तसा श्वास धरून राहिला.

"चिमणे... काय गं हे?"

चिमणी वळली. मग हळूच म्हणाली, "तळं. पाण्यावरचं ऊन वर उठलंय. इतक्यांदा गेले गं, पण काठावर सगळे पाण्याकडेच बघतात. मान वर कोण करतं?"

धुक्याचं पहिलं बोट धारेवरून खाली उतरेपर्यंत दोघी हात धरून बसल्या. मग उठल्या.

खाली चौकीशी वहिनीने काठी ठेवली आणि खिडकीशी उभी राहिली, गप्प.