खिडकी बंद करू नका

सुनेने सकाळी निघताना बजावलं होतं, "बाबा, लॅपटॉपला हात लावू नका. शनिवारी कॉम्प्युटरचे दुकानवाले येऊन बघणार आहेत." पण मिस्त्रींना एखाद्या यंत्राला हात लावू नका म्हणून सांगणं फुकट होतं. चाळीस वर्षं त्यांनी शहरभरातले टाइपरायटर दुरुस्त केले होते. टाइपरायटर गेले, दुकानही गेलं, हाताची खाज तेवढी राहिली.

दुखणं साधंच होतं. सी ड्राइव्ह तुडुंब भरला होता आणि डी ड्राइव्ह रिकामा पडला होता. ब्राउझरचा कॅश फोल्डर, म्हणजे बघितलेल्या पानांचा साठा, जागा अडवून बसला होता. तो उचलून डीमध्ये ठेवला की काम फत्ते. दुपारी दोन वाजता, नात आतल्या खोलीत झोपलेली असताना, मिस्त्री चष्मा पुसून कामाला लागले. कॅश नेमका कुठला हे शोधत बसायला वेळ कुणाला? त्यांनी ब्राउझरचा अख्खा फोल्डरच धरला.

फोल्डर हलेना. 'वापरात आहे' असं मशीन म्हणालं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी 'वगळा' दाबलं आणि हिरवी पट्टी सुरळीत सरकली. पण बघतात तो फोल्डर सीमध्येही आणि डीमध्येही! अर्धवट नक्कल झाली असणार असं समजून त्यांनी डीमधला फोल्डर उघडला, कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडलं आणि शिफ्ट धरून उडवून टाकलं. शिफ्ट धरलं की कचरापेटीतही काही उरत नाही, हे ते नुकतंच शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

ती नक्कल नव्हती. जे हललं होतं ते डीमध्ये गेलं होतं. हट्टाने बसून राहिलेलं तेवढं सीमध्ये उरलं होतं.

उघड्या असलेल्या ब्राउझरवर लाल पट्टी आली. 'जतन केलेल्या नोंदी सापडत नाहीत. ही खिडकी बंद करू नका.'

त्या खिडकीत सुनेची वही होती. नात साडेतीन वर्षांची, लाडाचं नाव मैना, पण अजून एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तरी वळत नव्हती. बोलणं शिकवणाऱ्या बाईंची वेळ सात महिन्यांनी मिळाली होती, उद्या सकाळी दहाची. तोवर रोजच्या नोंदी ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं. नोंदींशिवाय त्या तपासत नव्हत्या. पुढची तारीख म्हणजे आणखी सहा महिने. सून रोज कामावरून येऊन, पोरीला निजवून, डोळे मिटत असतानाही चार ओळी लिहायची.

त्यांनी दुकानवाल्यांना फोन लावला.

"काका, पानं दिसतायत ना अजून? मग घाबरू नका. सगळं सिलेक्ट करा, कंट्रोल आणि ए. मग कॉपी. दुसरीकडे पेस्ट. बॅटरी किती आहे?"

"बॅटरी मेलीय कधीच. वायरवर चालतो."

"मग वायरीला धक्का लागू देऊ नका. ती निघाली तर मी आलो काय आणि न आलो काय, सारखंच."

वायरीची पिन ढिली होती. मिस्त्रींनीच तिला चिकटपट्टी गुंडाळून 'दुरुस्त' केली होती.

फोन ठेवून त्यांनी बोट कंट्रोलवर नेलं. दुसरं बोट एवर. तिथेच हात थिजला. पाच मिनिटांपूर्वी याच दोन बोटांनी सगळं गेलं होतं. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. नाही जमलं. त्यांना खरंच भीती वाटत होती, लहान मुलासारखी.

मग ते उठले आणि कपाटावरचा जुना मराठी टाइपरायटर खाली काढला. दुरुस्त केलेलं प्रत्येक यंत्र ते टाइप करूनच तपासायचे, त्यामुळे हात बसलेला होता. कागद चढवला. माउसचं चाकच तेवढं एका बोटाने हळूच फिरवायचं, ओळी वर सरकवायच्या आणि उतरवायच्या. दर वेळी चाक फिरवताना ते श्वास रोखून धरत.

'२ तारीख. मिक्सरला घाबरली नाही.' '९ तारीख. पाणी हवं म्हणून माझा हात ओढला.' टक टक टक, ओळ संपत आली की घंटी, टिंग, आणि कागद धरणारी गाडी परत मागे. '१४ तारीख. बाबा सामना बघताना ओरडले. मैना पलंगाखाली, पाऊण तास बाहेर आली नाही. बाबांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल.'

मिस्त्रींची बोटं थांबली. वाईट वाटलंच. पण ती ओळही त्यांनी जशीच्या तशी उतरवली.

तेराव्या कागदावर होते तेव्हा दारात चाहूल लागली. मैना उठली होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. चार्जरवरचा हिरवा दिवा तिला आवडायचा. ती सरळ तिकडे निघाली, बसली आणि तिने वायर मुठीत धरली.

मिस्त्री हाक मारणार होते, पण थांबले. ओरडलं तर ती दचकणार, वायरीसकट. उठून गेलं तर खुर्ची करकरणार. चिकटपट्टी एका बाजूने सुटू लागलेली त्यांना इथूनही दिसत होती. काय करावं कळेना. हात टाइपरायटरवरच होते. काही न सुचून त्यांनी गाडी पुढे ढकलली.

टिंग.

मैना वळली. हाकेला कधी न वळणारी मैना.

त्यांनी गाडी मागे ओढून पुन्हा ढकलली. टिंग. तिने वायर सोडली, उठली, त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "टिं."

मिस्त्रींना रडू फुटणार होतं, पण रडण्याचाही आवाज होतो, म्हणून त्यांनी ओठ आवळले.

साडेपाचला सून आली. तिच्या चपला पायातच होत्या, तोवरच मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती लॅपटॉपपाशी बसली, तीन-चार कळा दाबल्या, सगळी वही उचलून दुसरीकडे ठेवली आणि स्वतःला मेल केली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"बाबा, हे तीन कळांचं काम होतं."

"माहीत आहे गं. हात गेला नाही."

तिने टेबलावरचे कागद उचलले. खरं तर चिडूनच उचलले. चौदा तारखेच्या ओळीपाशी ती थांबली आणि तिने मान वर केली नाही. शेवटच्या कागदाच्या तळाला एक ओळ होती, तिने कधीच न लिहिलेली. 'आज, दुपारी ४.१०. घंटी वाजल्यावर वळली. टिं म्हणाली. दोनदा.'

ती ओळ तिने पुन्हा वाचली.

"दोनदा?"

"तीनदा," मिस्त्री म्हणाले. "तिसऱ्या वेळी ती मांडीवर होती. लिहायला हात मोकळा नव्हता."