नखभर निळा

शेडबाईंनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि बुटक्याकडे बघितलं. मग हात बदलून डावा डोळा झाकला, पुन्हा बघितलं. पुन्हा उजवा. सकाळपासून हेच चाललं होतं, चहा दोनदा गार झाला होता.

बुटका अंगठ्याएवढा होता. बाटलीच्या बुचावर चिकटवलेला, हातात कुऱ्हाड, दाढी थेट पोटापर्यंत. उजव्या, जुन्या डोळ्यानं त्याचा चेहरा छान गव्हाळ दिसत होता, उन्हात राबलेल्या माणसाचा. आणि डाव्या, नव्या डोळ्यानं तोच चेहरा निळा. दोन दिवस पाण्यात पडून राहिलेल्या माणसाचा असावा तसा. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून नऊ दिवस झाले होते, रंगकामाला बाई आजच पुन्हा बसल्या होत्या. उजव्याचा नंबर येत्या गुरुवारी होता.

"अगं, सलाम ठोकतेयस की काय त्याला?" नवऱ्यानं शब्दकोड्यातून मान वर केली.

"तुम्ही गप बसा हो."

"बसलोच आहे. सकाळपासून तूच उठतेयस."

ते खरं होतं. बाई खिडकीशी जात, बुटका उजेडात धरत, परत येत. असे सात बुटके रंगवून तयार होते, पाच नुसत्या अस्तराच्या राखाडी रंगात उभे होते. एका गिऱ्हाइकाला बाराच्या बारा हवे होते, एकाच कुळातले, एकाच कातडीचे. हा सगळा उद्योग सूनबाईचा. ती दर शनिवारी मित्रमंडळींना जमवून टेबलावर फासे टाकायचा खेळ खेळायची. त्यात राक्षस, जादूगार, बुटके असले सगळे, आणि पुढे काय घडतं ती गोष्ट सांगण्याचं काम तिचं. बाई नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि दिवसभर पडद्यांच्या रंगांना नावं ठेवत बसू लागल्या, तेव्हा तिनंच पहिला बुटका आणून हातात दिला होता. आता लोक पैसे देऊन बाईंकडून सैन्यं रंगवून घ्यायचे.

आणि का घेणार नाहीत? सत्तावीस वर्षं बाईंनी कापड रंगवायच्या कारखान्यात शेड जुळवली होती. गिऱ्हाइकानं चिंधी पाठवायची, बाईंनी बघायची आणि सांगायचं, पिवळा किती, लाल किती. बाईंनी मान हलवली की हजारो मीटर कापड रंगाच्या हौदात जायचं. यंत्र आलं तरी लोक आधी बाईंकडे बघत. खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, शेडबाई तेवढं राहिलं.

दुपारी त्यांनी ठरवलं, उगाच जिवाला घोर नको, मिसळूनच बघू. ओल्या स्पंजावर कागद अंथरलेला रंगांचा डबा उघडला. वही काढली. वहीत त्यांच्याच अक्षरात होतं: बुटका, कातडी. मातकट चार थेंब, गुलाबीसर दोन, पांढरा एक, निळा नखभर. बाईंनी वहीबरहुकूम रंग केला, ब्रशचं टोक जिभेवर ओढलं आणि राखाडी बुटक्याच्या गालावर एक हात दिला. कोवळी, तांबूस कातडी आली. तयार सातांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

"जेवण कमी पडलं का?" नवऱ्यानं जीभ बघून विचारलं. रोज विचारायचा, बाई रोज काहीतरी फेकून मारायच्या. आज त्यांनी ऐकलंच नाही.

त्यांनी निळ्याचा एक पुरा थेंब टाकला. नाही. दुसरा टाकला. जवळ आलं, पण नाही. तिसरा थेंब टाकून ढवळलं, ब्रश सातव्या बुटक्याच्या कपाळाला लावला, आणि रंग कपाळात मिसळून गेला. कुठे लावला ते दिसेना.

तीन थेंब. वहीत नखभर लिहायचं आणि हातानं तीन थेंब ओतायचे. इतके दिवस! डोळा म्हणत होता, अजून निळा दिसत नाही, अजून घाल. हात बिचारा घालत होता.

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, नळ उघडला, बंद केला. झोपायच्या खोलीत जाऊन कपाटासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या वरच्या खणात एक कार्ड होतं. त्यांनी खणाच्या कडीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. संध्याकाळपर्यंत त्या खोलीत चार वेळा गेल्या. चारही वेळा काही न घेता बाहेर आल्या.

सूनबाई औषधांच्या दुकानातली ड्यूटी संपवून साडेसहाला आली. चप्पल काढायच्या आतच बाईंनी बुटका तिच्या नाकासमोर धरला.

"हे निळे आहेत."

"कोण?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तुला दिसत होतं?"

सूनबाईनं पर्स खुंटीला लावली. लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

"दिसत होतं, आई."

"कधीपासून?"

"तुम्ही रंगवलेल्या दुसऱ्या खोक्यापासून."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस? घरात मी एकटीच शहाणी म्हणून मिरवतेय, आणि तुम्ही सगळे बघताय!"

"बोलले असते तर तुम्ही ब्रश ठेवून दिला असता. मग पुन्हा ते पडदे." तिनं सासऱ्यांकडे बघितलं. ते कोड्यात डोकं घालून बसले होते. "शनिवारी सगळ्यांनी विचारलं, हे असे निळे का? मी म्हटलं, हे तळ्याखालचे बुटके आहेत. त्यांच्याकडे ऊन पोचत नाही. पटकन सुचलं ते बोलले. मग त्यांचं गाव झालं, राजा झाला, भाऊबंदकी झाली. लोकांना ते इतके आवडले की ऑर्डरी आल्या त्याही तळ्याखालच्यांच्याच. आणि डोळे दाखवायला तुम्हाला कोण घेऊन गेलं? चष्म्याचं निमित्त काढून, दोनदा?"

बाई खुर्चीत बसल्या. राग होता, पण धरायचा कुणावर तेच त्यांना कळेना. माझ्या आजाराची गोष्ट करून विकलीस, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"तू पहिल्यांदा या घरी आलीस, तेव्हा मी तुला एक कार्ड दाखवलं होतं."

सूनबाईची नजर झोपायच्या खोलीकडे गेली.

"दोन तुकडे. राखाडी. मी विचारलं, फरक दिसतो का? काय म्हणालीस?"

"सारखे आहेत म्हणाले."

"मग?"

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मला या घरात यायचं होतं."

नवऱ्याच्या हातातली पेन्सिल थांबली. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यालाही हजारदा दाखवलं होतं ते कार्ड. शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, गॅसवाल्याला. सगळे म्हणायचे, छे हो, काही फरक नाही, तुमच्यावर अन्यायच झाला.

या वेळी बाईंनी खण उघडला.

गणवेशाचं राखाडी कापड. डावीकडे गिऱ्हाइकाचा नमुना, उजवीकडे बाईंनी पास केलेल्या लॉटचा तुकडा. तेव्हा त्यांच्या हाताखाली एक पोरगी होती, चिमुकली आणि चपळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. "बाई, निळसर आलाय," मुंगी म्हणाली होती. बाईंनी झटकून टाकलं. लॉट गेला आणि चार हजार मीटर परत आलं, निळसर म्हणून. बाईंना वाटलं, हिनंच जाऊन गिऱ्हाइकाच्या कानात भरवलं. नाहीतर तोच शब्द कसा? सगळ्या खात्यासमोर त्या म्हणाल्या होत्या, "हिला रंग कळत नाही आणि हिचं तोंड आवरत नाही. शेडला डोळा लागतो, तो हिला नाही." साहेबांनी सत्तावीस वर्षांचा शब्द मानला. मुंगीला पॅकिंगला धाडलं. तीन महिन्यांनी बाई रिटायर झाल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्ड त्यांनी पुरावा म्हणून घरी आणलं होतं.

नव्या डोळ्याला फरक शोधावा लागला नाही. एक तुकडा राखाडी होता आणि एक निळा होता. शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"बाई गं," शेडबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहीतला नखभर खोडला आणि तीन थेंब लिहिलं. पाचही बुटके ओळीत लावले आणि एकेकाला नीट, बघून, मोजून निळं केलं. डोळ्यांच्या खोबणीत पातळ गडद रंग सोडला, नाकाच्या शेंड्यावर फिकट रेघ दिली. बारा जण एका कुळातले झाले. ब्रश धुऊन ठेवले आणि मग मात्र बसवेना. साडेपाचला त्यांनी चप्पल घातली.

"कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"कारखान्यात."

"मी येऊ?"

"तुम्ही आलात की मी तुमच्याशीच भांडत बसेन."

सुटीचा भोंगा झाला तेव्हा त्या फाटकाशी उभ्या होत्या, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. पॅकिंगच्या बायका घोळक्यानं बाहेर आल्या. मुंगी शेवटून दुसरी होती. चिमुकली होतीच, चपळ राहिली नव्हती. बोटांना चिकटपट्टीचा डिंक होता, तो ती चालता चालता अंगठ्यानं खरवडत होती.

"बाई? पेन्शनचं काम काढलंत?"

"तुझ्याकडे आले."

"माझी सहा दहाची बस आहे."

"तो राखाडी लॉट," बाई म्हणाल्या. घरून सगळं जुळवून आणलं होतं, ते सगळं कुठल्या कुठे गेलं. "निळसर होता. तुझं बरोबर होतं. मोतीबिंदू होता गं माझ्या डोळ्यात, मला निळं दिसतच नव्हतं. आत्ता ऑपरेशन झालं तेव्हा कळलं."

मुंगीनं डिंकाची गोळी करून टाकून दिली.

"डोळ्यांचं समजलं. पण मी सांगत होते ना, बाई. कान तर धड होते तुमचे?"

मोतीबिंदूचं नाव घेतलं की पुढचं आपोआप माफ होईल, असं त्यांना घरून निघताना कुठेतरी वाटलं होतं. आता त्याची लाज वाटली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हे मला कशाला सांगता? मला माहीतच आहे." मुंगीचा आवाज चढला नव्हता. "मी चार वर्षं खोक्यांना पट्ट्या लावतेय. खोकी सगळी एकाच रंगाची. तुम्ही बोललात तेव्हा खात्यात नऊ जण होते. त्यातले सहा अजून आत आहेत, जादा पाळीला थांबलेत. साहेबही आहेत."

एवढं बोलून ती निघाली. बस कोपऱ्यावर वळताना दिसत होती.

पहारेकऱ्यानं बाईंना ओळखलं. "तुम्हाला कशाला हो वहीत सही!" म्हणून त्यानं फाटक ढकललं. बाई आत आल्या. समोर मोकळं आवार आणि त्यापलीकडे शेडचं खातं. खिडकीत रंग बघायच्या पेटीचा पांढरा उजेड होता, त्यात डोकी हलत होती. या आवारातून त्या सत्तावीस वर्षं ताठ मानेनं गेल्या होत्या. आता त्या मध्येच थांबल्या. पत्र लिहिलं तर? साहेबांना फोन केला तर? एकांतात, दोन शब्दांत? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मागे बस थांबली आणि सुटली. बाई परत फिरायला म्हणून वळल्या.

मुंगी फाटकाच्या आत उभी होती, पिशवी खांद्यावर.

"बस गेली तुझी," बाई म्हणाल्या.

"पुढची येईल." मुंगीनं हनुवटीनंच खिडकीकडे दाखवलं. "तुम्ही व्हा पुढे. मी दारात उभी राहून ऐकते."