दुखणे मोजणारा रेग्युलेटर

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. हो, पंख्याचाच. भिंतीवरचे जे काळे गोल बटण फिरवून तुम्ही पंखा कमीजास्त करता, तोच मी. पण आयुष्याची निम्मी वर्षे मी पंखा सोडून माणसांचे दुखणे मोजत होतो, असे सांगितले तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. आता मी एका कपाटात पडून आहे. कपाटाला बाहेरून कडी आहे, आणि ती वाजली की माझ्या पोटातली तार अजून थरथरते. ती का थरथरते, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती संभाजीनगरच्या एका मानसशास्त्र केंद्रातली वर्गाची भिंत. तिथला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात विद्यार्थी माझ्यावरून भांडत. एकाला मी पाचावर हवा असे, तर पंख्याखाली बसलेल्या दुसऱ्याला दोनावर. दिवसभर माझी नुसती ओढाताण चाले, पण मला ती आवडे. पुढे रिमोटचे पंखे आले आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात झाली.

त्या खोक्यातून मला संध्याताईंनी उचलले. त्या केंद्रात संशोधन करत होत्या. आपल्या माणसाचे दुखणे आपल्याला कितपत कळते, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी हातात मावेल, फिरवता येईल असे एक बटण हवे होते. त्या मला शहागंजच्या एका दुरुस्तीवाल्या चाचांकडे घेऊन गेल्या.

चाचांनी मला उलटासुलटा करून पाहिले. "मॅडम, ये तो पंखे का है. इससे दिल का हाल कैसे मालूम होगा?"

"दिल का नहीं चाचा. कब, कितना घुमाया, बस इतना मालूम होना."

चाचा हसले आणि कामाला लागले. त्यांनी माझे जुने आतडे काढून नवे बसवले, पाठीतून एक तार काढली आणि मला लाकडी पेटीवर ठोकून दिले. माझ्या अंगावरचे शून्य ते पाच हे आकडे मात्र तसेच राहिले. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. पाच म्हणजे आता सहन होत नाही.

माझी नवी जागा म्हणजे एक छोटीशी खोली. पूर्वी ती सामानाची खोली होती, म्हणून तिची कडी आणि दिव्याचे बटण दोन्ही बाहेर, पॅसेजमध्ये. बोलणे रेकॉर्ड करताना गोंगाट नको, म्हणून भिंतींना आणि दाराला जाड फोम लावलेला होता. शेजारच्या खोलीत संध्याताईंचा कॉम्प्युटर असे. काम असे चाले. एका माणसाने कॅमेऱ्यासमोर बसून आपल्याला हादरवून टाकणारा एखादा प्रसंग सांगायचा. मग स्वतःचेच चित्रण बघत, कुठे किती दुखले तसे मला फिरवायचे. त्यानंतर त्याच्या जवळच्या माणसाने तेच चित्रण बघायचे आणि 'आता हिला किती दुखत असेल' असा अंदाज घेत मला फिरवायचे. कॉम्प्युटरवर दोघांच्या दोन रेघा उमटत. रेघा जितक्या जुळतील तितका समजेचा आकडा मोठा.

किती हात माझ्यावरून गेले म्हणून सांगू! आपल्या माणसाचे दुःख ऐकताना हात घामेजतात, चिकटतात, थोडे मागे पडतात. कन्नडच्या भागूबाई आल्या होत्या, लेकीला घेऊन. लेक सुरेखा. तिचा नवरा घाटात गाडी उलटून गेला होता. भागूबाईंनी चित्रण सुरू होताच मला पाचावर नेले आणि शेवटपर्यंत हात काढलाच नाही.

"मावशी, कमीजास्त करायचंय," संध्याताई म्हणाल्या.

"मह्या लेकीचं दुखणं मी कमीजास्त करू व्हय? सगळंच दुखतंय की तिचं."

भागूबाईंचा आकडा सगळ्यांत कमी आला. संध्याताई हसल्या, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, पण आकडा तोच लिहिला. नियम म्हणजे नियम. मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. बाहेरगावचे प्राध्यापक येऊन माझे फोटो काढत, केंद्राचे प्रमुख सर मला हातात घेऊन भाषण करत. मी चांगलाच फुगलो होतो, मित्रांनो. आपण माणसाच्या मनाचे खरे मापक आहोत, असे मला वाटू लागले होते.

मग एका सकाळी शिवराज आणि अपेक्षा आले.

शिवराज पुंडलिकनगरचा, वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणे. अपेक्षा त्याची बायको. दिवाळीला ती माहेरी गेली, अजिंठ्याजवळच्या गावी, आणि परत यायला तयार होईना. घरचे विचारत, मारतो का? नाय. पितो का? नाय. मग झालं तरी काय? यावर ती गप्प. शेवटी दोन्हीकडची माणसे बैठकीला बसली. कोणीतरी म्हणाले, संभाजीनगरात एका केंद्रात नवरा-बायकोची तपासणी करतात, मशीनच सांगते कोणाचे चुकते ते. शिवराज पटकन म्हणाला, "होऊन जाऊ द्या तपासणी." तपासणीवर सगळ्यांचे एकमत झाले. अपेक्षाला कोणी विचारले नाही.

संध्याताईंनी अपेक्षाच्या वडिलांना, काकासाहेबांना, समजावून सांगितले की ही तपासणी नव्हे, हा अभ्यास आहे, याच्यावरून घरातला निवाडा करायचा नसतो. काकासाहेब "व्हय, व्हय" म्हणाले. पण खाली जीपमध्ये लेकीची बॅग भरून आणली होती. आकडा चांगला आला तर ती इथूनच पुंडलिकनगरला जाणार, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. म्हणजे बघा, त्या दिवशी एका बाईचे पुढचे आयुष्य माझ्या आकड्यांवर आणून ठेवले होते.

अपेक्षाने लहानपणचा प्रसंग सांगितला. कापसाची वेचणी झाली होती. घरातली एक खोली कापसाने आढ्यापर्यंत भरली होती. ती कापसात खेळता खेळता झोपून गेली. घरच्यांना लग्नाला जायचे होते. पोरं पुढच्या गाडीत गेली असे समजून वडिलांनी आत न बघताच कडी लावली. "मी लई वरडले," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. "पण कापूस आवाज खातो. आपलाच आवाज आपल्याला येत नाय. संध्याकाळी कडी वाजली तवा मी गप्पच पडून होते." एवढे सांगून ती हसली आणि शाळेविषयी बोलू लागली. नंतर चित्रण बघताना तिने मला फिरवले तेव्हा तिचा तळवा ओला झाला होता.

मग शिवराज बसला. त्याची बोटे कोरडी होती. मित्रांनो, इतक्या वर्षांत एवढी कोरडी बोटे माझ्यावर पडली नव्हती. पडद्यावर अपेक्षा बोलत होती आणि तिचे दुखणे चढणार त्याच्या किंचित आधीच तो मला वर नेत होता. उतरणार तिथे उतरवत होता. चित्रणात ती हसत हसत शाळेचे सांगत होती, तिथेच त्याने मला एकदम पाचावर नेले. संध्याताईंनी शेजारी जाऊन कॉम्प्युटरवर पाहिले तर अपेक्षाची रेघही नेमकी तिथेच पाचावर गेलेली! गोंधळून त्या परत आल्या आणि त्याला विचारू लागल्या. तिथे तर हसरा चेहरा होता.

"कडी वाजली ना मागं, पॅसेजमधल्या दाराची," शिवराज हसून म्हणाला. "बारीक आवाज आहे, तुम्हाला नाय कळणार. तिला नाय सहन होत ते."

संध्याताईंचा चेहरा उजळला. नवरा असावा तर असा, असेच त्यांना वाटले असणार. आणि मला? मला भीती वाटली. पंखा आपल्याला हवा तेवढाच फिरवताना माणसाचा हात जसा असतो, तसा तो हात होता. त्या हाताला अपेक्षाचे दुखणे पाठ होते आणि त्याला त्याचे काहीच वाटत नव्हते. पण मी पडलो रेग्युलेटर. मला फक्त 'किती' ते सांगता येते, 'कसे' ते सांगता येत नाही.

आकडा आला तो केंद्रात तोवरचा सगळ्यांत मोठा. सर स्वतः खोलीत आले, शिवराजची पाठ थोपटली आणि पेढे मागवले. काकासाहेबांनी मोकळा श्वास घेतला. "मशीन खोटं बोलत नसतंय, पोरी," ते म्हणाले, आणि सगळे सरांच्या केबिनकडे निघाले. खोलीत ते दोघेच मागे राहिले.

"चल. मामांना सांग, येते म्हणून," शिवराज हळूच म्हणाला.

"मी नाय येणार."

तो चिडला नाही. त्याने मला सावकाश शून्यावर आणून ठेवले. "मग बस थोडा वेळ. शहाणी होऊन बाहेर ये."

तो बाहेर गेला. दिवा गेला. कडी वाजली.

अपेक्षाने दारावर दोन थापा मारल्या, पण त्या फोममध्येच जिरून गेल्या. ती ओरडली नाही. ओरडून काय होते ते तिला लहानपणीच कळले होते. अंधारात मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड आणि तुटलेला. माझ्या सगळ्या मोठेपणाची मला तेव्हा शरम वाटली. मीच तिच्यावर शिक्का मारून दिला होता. मग तिचा हात टेबल चाचपत आला आणि माझ्यावर पडला. तिने मला पाचावर नेले. शून्यावर आणले. पुन्हा पाचावर नेले. तिने इतक्या जोरात पिळले की माझ्या आत काहीतरी तुटले, पण त्या क्षणी मला त्याचे काही वाटले नाही.

पुढचे मी नंतर संध्याताईंच्या तोंडून ऐकले. त्या कॉम्प्युटर बंद करायला शेजारच्या खोलीकडे निघाल्या होत्या. पॅसेजमध्ये शिवराज हातात पेढा घेऊन उभा होता. "ती बाथरूमला गेलीय," तो न विचारताच म्हणाला. संध्याताईंनी पडद्यावर पाहिले तर चित्रण बंद, खोलीत कोणी नसायला हवे, आणि रेघ मात्र खालीवर नाचते आहे. मग ती पाचावर गेली आणि खाली येईचना. त्यांनी तिथूनच काकासाहेबांना हाक मारली.

कडी काकासाहेबांनी काढली. दिवा त्यांनीच लावला. अपेक्षा दोन्ही हातांनी मला धरून बसली होती.

"पाव्हणं, कडी कोणी लावली?"

"सवयीनं लागली मामा," शिवराज म्हणाला. "लाइट पण सवयीनं..." तेवढे बोलून तो थांबला.

"सवयीनं," काकासाहेब म्हणाले. त्यांनी लेकीकडे पाहिले.

"घरी बी असंच असतंय, बाबा," अपेक्षा म्हणाली. "मी कशाला नाय म्हणले की लाइट जाती आन् कडी लागती. मारीत नाय, शिवी देत नाय. काय सांगायचं होतं तुम्हाला? कडी लावतेत, हे सांगायचं होतं? कोणाला खरं वाटलं असतं?"

काकासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला धरून खोलीबाहेर नेले. त्या दिवशी जीप अजिंठ्याकडेच परत गेली.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. संध्याताई सरांना म्हणाल्या, तो आकडा काढून टाकू या. सर म्हणाले, "का म्हणून? आकडा बरोबरच आहे." आणि तो बरोबरच होता, मित्रांनो, हेच तर भयंकर आहे. शिवराजला अपेक्षाचे दुखणे खरोखर सगळ्यांपेक्षा जास्त कळत होते. म्हणून त्याची रेघ, नाव न घालता, आजही सरांच्या भाषणात पडद्यावर दाखवतात आणि समोर बसलेली मंडळी माना डोलावतात. भागूबाईंची रेघ कोणी दाखवत नाही.

माझ्या जागी आता चकचकीत टॅब आला आहे. मी निकामी झालो म्हणून संध्याताईंनी मला त्यांच्या कपाटात ठेवले आहे. परवा त्या कोणाला तरी फोनवर सांगत होत्या की अपेक्षाशी फारकत झाली आणि शिवराजसाठी दुसरीकडे स्थळे बघणे चालू आहे. मुलीकडच्यांना तो मोबाइलमध्ये त्या दिवशी काढलेला फोटो दाखवतो म्हणे, केंद्राच्या त्या आकड्याचा. फोन ठेवून त्यांनी कपाट लावले आणि कडी वाजली.

म्हणून माझे तुम्हाला कळवळून सांगणे आहे. तुमचे कुठे दुखते हे कोणाला नेमके कळले, तर लगेच भाळू नका. कळल्यावर त्याचा हात कडी काढायला जातो की लावायला, ते बघा. आणि तुम्ही स्वतः कुठलेही दार लावाल तेव्हा आधी आत डोकावून बघत जा. कधी हे कपाट उघडलेत तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा, पण मला शून्यावर आणायला जाऊ नका. अपेक्षाने मला पाचावर ठेवले आहे, आणि तिथे बाहेर तो फोटो अजून कोणाला तरी दाखवला जातो आहे.