फौजदाराचा विमा

विम्याच्या बाईंनी तिसरा कागद टेबलावर पसरला आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून त्यावर आपल्या चष्म्याचा डबा ठेवला. टेबलाखाली फौजदार निजला होता. त्याचं शेपूट सुनेच्या पावलांपासून वीतभरच लांब होतं. तिनं पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

“हा नुसता औषधपाण्याचा. हा ऑपरेशनसकट. आणि हा तिसरा, यात कुत्र्यानं कुणाला इजा केली तर त्याची भरपाईही येते. तुमच्या इमारतीला तिसराच चालेल.”

“आज संध्याकाळी सहाच्या आत कागद दाखवा, नाहीतर कुत्रा बाहेर, असं खाली डकवलंय सोसायटीवाल्यांनी,” अप्पा म्हणाले. “माझा विमा काढताना कुणी इतक्या चौकशा केल्या नव्हत्या, बाई.”

“तुम्ही चावत नसाल.”

“चावायला दात कुठेत? आहेत ते सूनबाईंनी केलेले.”

ते खरंच होतं. सून दातांच्या कवळ्या बनवायची, आणि सासऱ्यांची कवळी तिनं तीनदा घासून बसवून दिली होती. अप्पा आपल्याच विनोदावर खूश होऊन हसले. सून पेनाचं टोपण काढत होती, घालत होती.

अप्पांचं वय कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. तिचा नवरा महिन्यातले चार दिवस घरी. म्हणून मालक म्हणून तिचं नाव घालायचं ठरलं होतं, आणि सहीही तिचीच.

“कुत्र्याचं वय?”

“सहा पूर्ण,” अप्पा म्हणाले.

“घोरतो का?”

“जोरात. तेही लिहावं लागतं?”

“नाही हो. आमचे हे घोरतात, म्हणून सहज विचारलं.” बाईंनी पान उलटलं. “आजवर कुणाला चावलाय? घरातली माणसं धरून.”

टोपण सुनेच्या हातातून निसटलं आणि टेबलाखाली गेलं. ती ते उचलायला वाकली नाही.

सात महिन्यांपूर्वी, स्वयंपाकघरात तिच्या हातून पातेलं पडलं होतं. झोपेतून दचकून उठलेल्या फौजदारानं समोर आलेला हात धरला होता. ते एका क्षणाचं काम. दातांचे ठसे तिच्या रोजच्या हाताखालचे. कुठला सुळा किती खोल गेला, हे तिनं नळाखाली हात धरल्या धरल्या ओळखलं होतं. नवऱ्याला कळलं असतं तर कुत्रा त्याच दिवशी गेला असता. आणि सासूबाई गेल्यापासून अप्पा दिवसाकाठी जे काही बोलत, त्यातलं निम्मं फौजदाराशीच असे. तिनं लांब बाह्या घालायला सुरुवात केली.

आज खोटं बोलणार नाही, असं ती रोज उठल्यावर हात जोडून मनाशी म्हणायची. खोटं ती बोललीही नव्हती. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या दोहोंमधली बारीक रेघ धरून तिनं सात महिने काढले होते. आता कुणीतरी विचारलं होतं.

‘हो’ म्हणणं तसं सोपं होतं. तिला भीती त्या सोपेपणाचीच वाटत होती. खालची नोटीस वाचली तेव्हा क्षणभर तिला मोकळं वाटलं होतं. आता स्वयंपाकघरात जाताना आधी टेबलाखाली बघावं लागणार नाही, असं मनात येऊन गेलं होतं. मग आज खरं सांगायचं, ते खरं आहे म्हणून, की कुत्रा जावा म्हणून?

“बाई, मी...” तिनं सुरुवात केली.

“चावलाय,” अप्पा म्हणाले. “हिलाच. डाव्या हाताला.”

सुनेनं मान वर केली. अप्पा तिच्याकडे बघत नव्हते. ते कागदावरचा चष्म्याचा डबा सरळ करत होते.

“इंजेक्शनं घेतली?” बाईंनी विचारलं.

“पाच. पाचही वेळा घरातून लवकर निघाली.”

“तुम्हाला कसं...?” सुनेनं विचारलं.

“वाळलेल्या कपड्यांच्या घड्या मी घालतो, सूनबाई. डाव्या बाहीला आतून रक्ताचा न गेलेला डाग दिसला. रोज म्हणायचो, आज विचारतो. विचारलं असतं तर याला घालवावं लागलं असतं.” ते थांबले. “तू वळसा घालून चालतेस, तेही दिसतं मला.”

बाईंनी खाकरून कागद जवळ ओढला. “हे बघा, विमा तरीही निघतो. हप्ता वाढेल. बाहेर नेताना आणि पाहुणे आले की याच्या तोंडाला मुसकी लागेल. आणि ज्यांना चावला, त्यांची संमती. तीही तुमचीच झाली. नसेल द्यायची तर तसं सांगा, मी निघते.”

अप्पा टेबलाला धरून उठले.

“माझ्यासमोर नका विचारू तिला. चल रे.”

फौजदार आळस देत त्यांच्यामागे गेला. आतल्या खोलीचं दार लागलं. ते दार अप्पा कधीच लावत नसत.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सून त्या दाराकडे बघत राहिली.

“मुसकी मालकानंच बांधायची?”

“कागदावर तसं आहे. पण घरात कोण बघतंय? सासरे बांधतील की!”

“कागदावर माझं नाव येणार.”

बाईंनी पिशवीतून नमुन्याची मुसकी काढून दिली. सुनेनं ती उलटी केली, आतल्या कडेवरून बोट फिरवलं, पट्ट्याचं बक्कल दोनदा उघडून लावलं. मग सही न करताच उठली आणि आतल्या दारावर हलकेच टकटक केलं.

“अप्पा, दार उघडा. ही कशी बांधतात ते मला दाखवा.” ती थोडी थांबली. “सावकाश दाखवा.”