दुकान वाढव!

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण ऊठसूट इकडून तिकडे सरकवतात तसली नव्हे. मी न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची. माझा पाय जाड बोल्टांनी फरशीला आवळलेला आहे, त्यामुळे आयुष्यात मी एक पाऊलही चालले नाही. तरी मी जग पाहिले आहे, कारण जगच माझ्याकडे आले, मान मागे टाकून बसले आणि बोलत सुटले.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचा पाय, लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला छोटी उशी आणि उंची कमीजास्त करायला एक दांडा. म्हाताऱ्या न्हाव्याने मला दुकानात आणले, तेव्हा समोरचा घड्याळजी म्हणाला, "खुर्ची कसली, सिंहासनच आहे हे!" त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मीही खुशाल चढले. लहान मुलांसाठी माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. त्या फळीवर बसून निम्म्या गल्लीने भोकाड पसरले आहे.

म्हाताऱ्याची एक सवय होती. सकाळी दुकान उघडले की तो वस्तरा हातात घेऊन आरशासमोर उभा राही, डोळे मिटी आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे. मग पहिले गिऱ्हाईक. पुढे त्याचा मुलगा दुकानात उभा राहू लागला, तोही तसेच करू लागला.

या मुलाची मुलगी म्हणजे आमची का-बरं. बोलायला लागल्यापासून ती प्रत्येक गोष्टीला "का बरं?" विचारी, म्हणून आजोबांनीच तिला हे नाव दिले. "या काकांना टक्कल आहे, मग ते केस कापायला येतात ते का बरं?" असे तिने एकदा त्या काकांसमोरच विचारले. "गप्पा कापायला येतात गं," आजोबा म्हणाले, आणि टकलू काकाच सगळ्यांत मोठ्याने हसले.

एका संध्याकाळी आजोबा कात्र्या पुसत तिला म्हणाले, "चल, दुकान वाढव आता." तुम्हाला ठाऊक असेल, जुनी माणसे दुकान 'बंद कर' म्हणत नाहीत, 'वाढव' म्हणतात. पण त्या चिमुरडीला हे कोण सांगणार? तिने गिऱ्हाइकांचा बाक ओढत ओढत दाराबाहेर नेला. मग स्टूल नेले, मग साबणाची वाटी. सगळे फुटपाथवर ऐसपैस मांडून ती म्हणाली, "वाढवलं! अजून वाढवू?" आजोबांची हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवसापासून कुलूप लावण्याआधी आजोबा आणि नात त्या बाकावर बाहेर बसत. मला हलता येत नाही याचे मला तेव्हाच काय ते वाईट वाटे.

मग आजोबा आजारी पडले. "डोळे मिटून मनापासून माग. देव ऐकतो," असे तिच्या बाबांनी तिला सांगितले. तिने मागितले. माझ्या फळीवर बसून, डोळे घट्ट मिटून मागताना मी तिला पाहिले आहे. पण आजोबा गेले, आणि बाक भिंतीला लागला तो लागलाच.

एका सकाळी बाबा वस्तरा घेऊन डोळे मिटून उभे होते. माझ्यावर गिऱ्हाईक बसले होते. का-बरं दप्तर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "बाबा, तिथे ऐकायला कुणी आहे का? मी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

"तोंड आवर!" बाबा खेकसले. "मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही."

मित्रांनो, त्यांचेही वडीलच गेले होते. उत्तर जवळ नव्हते, म्हणून आवाज चढला. पण का-बरंने दुकानात येणेच सोडले. घरीही ती आता काही विचारत नाही, असे बाबा घड्याळजीला सांगत होते. ती नाराज आहे यापेक्षा ती गप्प आहे याची त्यांना धास्ती होती. माझ्याकडेही कुणाचे लक्ष राहिले नाही. गादी उसवली, दांडा कुरकुरू लागला. "भंगारात द्या हिला," असे एक गिऱ्हाईक माझ्यावर बसूनच म्हणाले.

शेवटी केस डोळ्यांवर आले, तेव्हा आईने तिला दुकानात पाठवले. संध्याकाळ होती, दुकानात दुसरे कुणी नव्हते. बाबांनी फळी काढली. "लागत नाही आता," ती म्हणाली आणि सरळ माझ्यावर बसली. खरेच, पोर वाढली होती.

बाबांनी तिच्या अंगावर कापड टाकले आणि कात्री चालू केली.

"त्या दिवशी ओरडलो, ते चुकलंच माझं," बाबा म्हणाले. "तू विचारलंस ते मलाही ठाऊक नाही गं. आजोबांना ठाऊक होतं, निदान ते तसं म्हणायचे. मीही मागितलं होतं. तुझ्याइतकंच."

"मग रोज डोळे का मिटता?"

कात्री थांबली. "माणूस इथे बसतो, मान मागे टाकतो, डोळे मिटतो आणि गळा माझ्या हातात देतो. त्याआधी मीही एकदा डोळे मिटावेत, असं वाटतं. मिटले की हात शांत होतो. आजोबा त्याला देव म्हणायचे. मला अजून नाव सापडलेलं नाही. मी नुसतं म्हणतो, हात सांभाळ."

"कुणाला म्हणता?"

बाबांना हसू फुटले. "आलीस का मूळपदावर!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"मला नाही मिटायचे डोळे," ती म्हणाली.

"नको मिटूस. उघडे ठेवून उभी राहा. पण माझ्याजवळ उभी राहा."

तिने आरशातून बाबांकडे पाहिले. "आणि बंद करताना 'वाढव' का बरं म्हणतात? खोटंच की ते."

"खोटं नाही गं. 'बंद' म्हणायला जीभ रेटत नाही. उद्या पुन्हा उघडावं असं मनात असतं ना. ती बातमी नसते, इच्छा असते."

"आजोबा गेले, तेही तसंच? बंद नाही?"

"मला तसं म्हणावंसं वाटतं. खात्री नाही."

त्यांनी तिच्या अंगावरचे कापड काढून झटकले, खाली पडलेले केस झाडले आणि सवयीने म्हणाले, "चल, दुकान वाढवू."

का-बरं उठली. भिंतीकडे जाऊन तिने बाकाचे एक टोक धरले. "बाबा, तिकडून धरा की!"

दोघांनी बाक दाराबाहेर नेला. मी आतून त्यांची पाठमोरी डोकी पाहत होते. तिचे केस नुकते कापलेले, बाबांचे मात्र मानेवर आलेले. ते नेहमी आजोबाच कापत असत.

"बाबा, आता तुमचे केस कोण कापणार?" तिने विचारले. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती विचारत राहिली आणि बाबा मधून मधून म्हणत राहिले, "ठाऊक नाही गं." मला इतके बरे कधीच वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्या दांड्याला तेल मिळाले. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खुर्चीला तेलाचे चार थेंब पुरतात. पण तुमच्या घरातले एखादे का-बरं विचारायचे थांबले, तर तेवढ्याने भागणार नाही. तेव्हा उत्तर जवळ नसले तर नसू द्या. बाकाचे दुसरे टोक तेवढे धरा.